टोड इन द होल : जुन्या वळणाचं, मधे मऊ राहणारं

साय_साखर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, पाककृतीचा (पाकृचा) धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरला, एका केअर होमच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथे राहणारे बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे. गुरुवारी दुपारी जेवायला 'टोड इन द होल' असतं. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंडं, मैदा आणि दूध यांचं सरसरीत पीठ, त्यात सॉसेजेस, आणि हे सगळं कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये भाजलेलं. नावाचा अर्थ 'बिळातला बेडूक'. बेडकाचा संबंध एवढाच की फुगलेल्या पिठातून सॉसेजची टोकं बाहेर डोकावतात.

पहिल्यांदा केलं ते आजकाल सगळे करतात तसंच केलं. भरपूर अंडी घातली, टिनच्या वर चार बोटं फुगलं, कडा सोनेरी. मला फार आनंद झाला होता. पण ताटं परत आली तेव्हा सॉसेजेस संपलेली आणि पिठाच्या कुरकुरीत भिंती तशाच उरलेल्या. एका आजोबांनी मला टेबलाशी बोलावून घेतलं आणि अगदी मायेने विचारलं, "छान झालंय गं, पण मऊ भाग कुठाय?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी दुपारच्या चहाच्या वेळी एकेकाजवळ बसून विचारत गेले, तुमची आई कसं करायची? सगळ्यांचं सांगणं जवळजवळ सारखंच निघालं. अंडं एकच. दूध थोडं, बाकी पाणी. टिन जुनं, काळं पडलेलं. कडा चावायला कडक आणि मध्यभागी सॉसेजच्या खाली जाडसर, ओलसर, कस्टर्डसारखा थर. तो थर ग्रेव्ही शोषून घेतो. त्या थरासाठी भावंडांमध्ये भांडणं व्हायची म्हणे. म्हणजे मी जे टाळायला धडपडत होते तेच त्यांना हवं होतं.

त्यानंतर चार रविवार घरी करून पाहिलं. आता जमलंय असं वाटतं, म्हणून लिहितेय.

सॉसेजेस एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम, साधारण आठ नग. मैदा ४ औंस, म्हणजे ११५ ग्रॅम. मोठं अंडं एक. दूध-पाणी मिळून अर्धा पाइंट, म्हणजे २८४ मिली. त्यात मी दोन भाग दूध आणि एक भाग पाणी घेते. मीठ अर्धा छोटा चमचा. चरबी किंवा तेल दोन मोठे चमचे.

मैद्यात मीठ घालून मधे आळं करायचं, त्यात अंडं फोडायचं आणि थोडंथोडं दूध घालत मधून बाहेरच्या बाजूला ढवळत जायचं. आधी घट्ट ठेवून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं दूध-पाणी घालायचं. धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ हवं. डाव बुडवून उचलला की डावाच्या पाठीवर पातळ साय धरल्यासारखं दिसलं पाहिजे. हे पीठ निदान अर्धा तास झाकून ठेवायचं.

ओव्हन २२० अंशांवर, पंख्याचा असेल तर २००. जुन्या गॅस ओव्हनवर हाच सातचा आकडा. टिनमध्ये चरबी आणि सॉसेजेस घालून पंधरा मिनिटं ठेवायचं, मधे एकदा सॉसेजेस फिरवायची. त्यांना रंग यायला लागला आणि चरबीतून धुराची पहिली रेघ दिसली की टिन ओव्हनच्या दारातच ठेवून पीठ एकदम ओतायचं. चर्र आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर थांबा, टिन आत सारा, अजून तीन-चार मिनिटं तापवा. ओतल्यावर तीस ते पस्तीस मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही.

ग्रेव्ही वेगळी. तीन कांदे उभे पातळ चिरून मंद आचेवर अर्धा तास परतायचे, घाई करायची नाही. कांदा गूळमट रंगाचा झाला की चमचाभर मैदा, आणि मग बटाटे उकडलेलं पाणी. हे बटाट्याचं पाणी मला एका आजींनी सांगितलं. त्यांच्याकडे ते पाणी कधी ओतून दिलं जात नसे. सोबत मटार आणि कुस्करलेला बटाटा.

फोटो काढला नाही, कारण ताटं लगेच वाढायची असतात. प्रश्न जरूर विचारा.

रानवारा

ताई, लेस्टरहून सलाम. वीस वर्षं इथे राहतोय, मुलांच्या शाळेतल्या जेवणात हा पदार्थ असायचा. मी नेहमी पबमध्ये खाल्ला आणि तिथे तो टोपीसारखा फुगलेलाच मिळतो. मऊ थर म्हणजे कच्चं राहिलेलं, असंच आजवर समजत होतो. या रविवारी एका अंड्याचा करतो.

एक भर घालतो. सॉसेज कुठलं यावर फार अवलंबून आहे. लिंकनशायर घेतलं तर त्यात सेज या सुगंधी पाल्याचा वास असतो आणि तो कांद्याच्या ग्रेव्हीशी फार छान जुळतो. कंबरलँड मिरीदार असतं आणि मूळचं ते लांब वेटोळ्यात येतं, तेच वेटोळं टिनमध्ये अख्खं ठेवून केलेलं एकदा पाहिलं होतं. अतिशय सुंदर दिसतं. स्वस्तातलं मात्र पाहून घ्यावं. इथे 'पोर्क सॉसेज' म्हणून विकायला ४२ टक्के मांस पुरतं, बाकी रस्क आणि पाणी असतं.

नारळीपौर्णिमा

साय_साखरताई, कालच केलं आणि फसलं. रत्नागिरीत आहे, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे. सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे, फक्त दूध मी इंटरनेटवर 'अर्धा पाइंट' शोधून २३७ मिली घेतलं. ओतल्यावर आवाज आला, कडा वर आल्या, पण मधे चिकट गोळा झाला, मऊ नाही, पिठूळ. वरून मात्र काळपट. मुलगी म्हणाली, आई, सॉसेज तेवढं दे. काय चुकलं असेल?

साय_साखर

अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. तुला अमेरिकन पाइंट मिळाला. तो ४७३ मिलीचा, इंग्लंडचा ५६८ मिलीचा. म्हणून मी ग्रॅम आणि मिली लिहिले होते, पण आकडा ठळक लिहायला हवा होता. जवळजवळ पन्नास मिली द्रव कमी पडला, म्हणून पीठ घट्ट झालं आणि मधला थर कस्टर्डसारखा न होता गोळा झाला.

वरून काळपट झालं ते ओटीजीमुळे. त्याबद्दल भट्टीवाला काका जास्त सांगू शकतील, ते इथे असतील तर.

भट्टीवाला

आहे आहे. पुण्यात बेकरी चालवून तीस वर्षं झाली, ओव्हनवर बोलायला मला आवडतं.

नारळीपौर्णिमा, ओटीजीची वरची कॉइल टिनच्या फार जवळ येते. टिन सर्वांत खालच्या कप्प्यात ठेव. आधी दोन्ही कॉइल लावून वीस मिनिटं तापव. लाल दिवा गेला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, हवा तापलेली असते, भिंती तापायच्या असतात. पीठ ओतल्यावर पहिली पंधरा मिनिटं दोन्ही कॉइल, नंतर फक्त खालची.

आता हे फुगतं कशामुळे ते सांगतो, म्हणजे प्रत्येक वेळी काय चुकलं ते तुमचं तुम्हालाच कळेल. यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही. फुगवते ती फक्त वाफ. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. पीठ तापलेल्या चरबीला टेकताक्षणी खालची आणि कडेची बाजू आवळून एक कातडी धरते. आत पाणी उकळतं, वाफ वर ढकलते, कातडी ताणली जाते. मग अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट होऊन ती उंची धरून ठेवतात. दार मधेच उघडलं तर थंड हवा शिरते, वाफेचा जोर जातो आणि भिंती अजून पक्क्या झालेल्या नसतात. सगळं खाली बसतं. नंतर कितीही वेळ ठेवा, परत उठत नाही.

म्हणून चरबी तापणं हे या पाकृचं नव्वद टक्के काम आहे. आपण चकलीच्या भाजणीला कडकडीत मोहन घालतो, तेव्हा फस्स आवाज येतो ना? तोच कान इथे वापरायचा.

सेल्फ रेजिंग मैदा कुणी वापरू नका. त्यातल्या पावडरीमुळे बारीक बुडबुडे होतात, वाफ त्यांतून निसटते आणि उलट कमी फुगतं.

आता ताईंच्या मुद्द्याबद्दल. एका अंड्यात भिंत धरायची ताकद कमी, म्हणून उंची कमी. शिवाय सॉसेजेस तळाची जागा अडवतात, त्यांच्या आजूबाजूला आणि खाली पिठाला थेट उष्णता कमी मिळते. त्यामुळे कडा चढतात आणि मधे ओलसर राहतं. २००८ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे हेच पीठ सॉसेजशिवाय भाजलेलं, निदान चार इंच उंच हवं असं जाहीर केलं होतं. पण ते नुसत्या पुडिंगबद्दल. सॉसेज घातलेल्या टिनला तो नियम लावण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पदार्थ वेगळा, त्याची खूण वेगळी.

अभ्यासू_बगळा

फार सुरेख धागा. इतिहासाचं थोडं लिहितो, कारण साय_साखर यांना त्या आजोबांनी जे सांगितलं त्याचं मूळ त्यात सापडतं.

पीठ भाजणाऱ्या मांसाखाली ठेवून त्यावर ठिबकणारी चरबी झेलायची, ही रीत इंग्लंडमध्ये १७३७ साली छापलेल्या पाकृत 'ड्रिपिंग पुडिंग' या नावाने आहे. १७४७ मध्ये हॅना ग्लास या पाककृती-लेखिकेने त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हटलं. तिच्याच पुस्तकात कबुतरं पिठात घालून भाजायची कृती आहे, नाव 'पिजन्स इन अ होल'. बिळात बेडकाच्या आधी कबुतर होतं, असं म्हणता येईल. १७८७ मध्ये फ्रान्सिस ग्रोसने प्रांतोप्रांतीच्या बोलींचे शब्द गोळा केले, त्यात 'टोड इन अ होल' येतं.

तेव्हा सॉसेज ठरलेलं नव्हतं. जे मांस हाताशी असेल ते. लेखिका फॅनी बर्नीने १७९७ मध्ये तक्रारीच्या सुरात लिहिलंय की गोमांसाचा उत्तम तुकडा बिचाऱ्या पिठाच्या पुडिंगात घालायचा हे विजोड आहे. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या पाककृतीच्या पुस्तकातल्या कृतीत गोमांसाचा रंप स्टेक दीड पौंड आणि मेंढीचा एक गुर्दा आहे. त्यांचीच दुसरी कृती उरलेल्या थंड मटणाची.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो चार्ल्स फ्रँकाटेली. हा माणूस व्हिक्टोरिया राणीचा आचारी होता आणि त्यानेच १८५२ मध्ये कामकरी वर्गासाठी साध्या स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की या पदार्थासाठी मांसाचे लहानसहान तुकडे रात्री घ्या, दिवसाची विक्री संपल्यावर, कारण तेव्हा ते सर्वांत स्वस्त मिळतात. आपल्याकडे बाजार उठताना भाजी घेणारी माणसं आहेत, त्यांना हे लगेच कळेल. थोडं मांस, पुष्कळ पीठ, आणि सगळ्यांचं पोट भरलं पाहिजे. अनेक घरांत ओव्हन नसे, भरलेलं टिन भट्टीवाल्याकडे भाजायला पाठवत.

यॉर्कशायरमध्ये पुडिंग आणि ग्रेव्ही मांसाच्या आधी वाढायची पद्धत होती. जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस, असं मुलांना सांगायचे. पोट पिठानेच भरावं हा त्यातला हेतू.

आणि एका अंड्याबद्दल. आज जे ऐंशी-पंच्याऐंशीचे आहेत त्यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेल्या शिधावाटपात गेलं. ते ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि ४ जुलै १९५४ ला मांसावरचं उठलं तेव्हा संपलं. मधल्या काळात माणशी आठवड्याला एक अंडं, तेही दुकानात आलं तर. बाकी पाकिटातली अंड्याची पावडर, एका पाकिटात बारा अंड्यांएवढी. सॉसेजवर शिधापत्रिका लागत नव्हती, पण मिळायला रांग, आणि त्यात पाव किती भरलेला असेल याचा नेम नसे. त्या आयांनी चार अंड्यांचं पीठ कुठून करावं? त्यांच्या हातात जे होतं त्यातून जी चव झाली, ती त्या मुलांच्या जिभेवर बसली.

साय_साखर

बगळा दादा, हे वाचून मला क्षणभर काही सुचेना. आमच्या एक आजी आहेत, त्यांना आता नावं फारशी आठवत नाहीत. पण अंड्याच्या पावडरचा विषय निघाला की त्या बोटांनी चिमूट करून दाखवतात, अशी, आणि पाणी असं. हाताला आठवतं.

रानवारा, सॉसेजबद्दल धन्यवाद. आमच्याकडे साधं पोर्कचंच येतं. घरी मी चिकनचं वापरते, कारण आमच्याकडे पोर्क खात नाहीत. चिकनच्या सॉसेजला चरबी फार कमी सुटते, म्हणून तेल एक चमचा जास्त घ्यावं लागतं.

म्हापशाची_लेक

चोरीस, म्हणजे आमची गोव्याची आंबट-तिखट सॉसेजेस, घालून केलं तर? गोव्यात बसून इंग्रजी सॉसेज कुठून आणणार. घरात आईने आणलेली माळ टांगलेली आहे, रोज नजर जाते.

साय_साखर

म्हापशाची_लेक, मी कधी केलं नाही गं, त्यामुळे सांगणं अवघड. चोरीसला व्हिनेगर आणि मिरची असते, मीठही पुष्कळ. पिठात मीठ अजिबात घालू नकोस एवढं मात्र सांगते. करून बघ आणि इथे लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

शेवंता_सांगलीची

मी शाकाहारी, अंडंही खात नाही. बिनअंड्याचं होईल का? दही किंवा जवसाची पूड घालून?

भट्टीवाला

शेवंताताई, खरं सांगतो, नाही होणार. केकमध्ये दही चालतं कारण तिथे फुगवायला सोडा असतो. इथे वाफेला धरून ठेवणारी भिंत अंड्याचीच आहे. जवस चिकटपणा देईल, ताकद देणार नाही. तुम्हाला जाडसर, तळाशी कुरकुरीत असं काहीतरी मिळेल, पण ते हांडव्याच्या जवळ जाईल. मग हांडवाच करावा, तो आपल्या जागी फार चांगला पदार्थ आहे.

अंडं खाणाऱ्या शाकाहारी मंडळींनी मात्र वेल्सचं ग्लॅमॉर्गन सॉसेज करून बघावं. लीक, चीज आणि पावाचा चुरा वळून केलेलं. लीक नसेल तर पातीचा कांदा.

शेवंता_सांगलीची

स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. नाहीतर लोक 'हो हो होईल' म्हणतात आणि पीठ वाया जातं.

उंबरठा

सगळ्यांना एक सावधगिरीची विनंती. मी काल काचेच्या बेकिंग डिशमध्ये केलं. डिश तेलासकट वीस मिनिटं तापली होती. फ्रिजमधलं थंड पीठ ओतलं आणि टण्णकन आवाज होऊन डिश तळातून दुभंगली. गरम तेल ओव्हनच्या तळावर, धूर, काचा सगळीकडे. माझा हात थोडक्यात वाचला. मुलगा स्वयंपाकघरात उभा होता, त्याला काही झालं नाही याचंच समाधान. काच कितीही जाड असली तरी यासाठी वापरू नका.

भट्टीवाला

अगदी बरोबर, आणि हात वाचला हे ऐकून जिवात जीव आला. धातूचंच भांडं हवं. घरात बिडाचा खोलगट तवा किंवा कढई असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, ती उष्णता धरून ठेवते. कढईच्या कानाला प्लास्टिक किंवा लाकूड नसावं एवढं पाहा. अॅल्युमिनियमचं केकचं टिनही चालेल, पण ते पातळ असेल तर पीठ ओतताच थंड होतं, म्हणून जाड तळाचं घ्या. तळ सुटणारं केकचं टिन घेऊ नका, तेल गळतं. आणि पीठ फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा.

साय_साखर

उंबरठाताई, हे मी मूळ पाकृतच लिहायला हवं होतं. आमच्याकडे सगळी टिनं धातूची, म्हणून डोक्यातच आलं नाही. संपादकांना विनंती केलीय की वर ठळक अक्षरांत भर घालावी.

चरबीबद्दल व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) दोघांनी विचारलंय, म्हणून इथेच लिहिते. जुन्या घरांत ड्रिपिंग वापरायचे, म्हणजे गोमांस भाजताना गळलेली चरबी. ती वाडग्यात साठवलेली असायची, थिजली की पांढरी, आणि तळाशी तपकिरी जेलीसारखा रस. पावाला लावून वर मीठ भुरभुरून खायचे. दुसरी पद्धत लार्ड, ती डुकराची चरबी. ज्यांना हे चालत नाही त्यांनी सूर्यफुलाचं किंवा कॅनोलाचं तेल घ्यावं. साजूक तूप चालतं, मी एकदा केलंय, वास वेगळा येतो पण छान. लोणी नको, त्यातला दुधाचा भाग जळून कडवट होतो. ऑलिव्हचं चांगलं तेल या तापमानाला वाया जातं.

परसदार

ओव्हन नाही. गॅसवर झाकण ठेवून?

साय_साखर

परसदार, वरून उष्णता मिळाल्याशिवाय कडा चढत नाहीत. झाकणाखाली वाफ कोंडते आणि सगळंच ओलं होतं. चवीला वाईट लागणार नाही, पण हा पदार्थ नाही होणार.

रानवारा

अहवाल. रविवारी केलं, एक अंडं, दोन भाग दूध, एक भाग पाणी. बायकोने जुनं पत्र्याचं टिन शोधून काढलं. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी आधीच उघडून ठेवली होती, ही सूचना सगळ्यांनी पाळावी.

ताई, आता कळलं तुम्ही काय म्हणत होता ते. कडेचा तुकडा मुलाने घेतला, मधला मी. चमचा घातला तर वर पापुद्रा आणि खाली थरथरणारा मऊ भाग, सॉसेजच्या बाजूने तपकिरी रेष उमटलेली. त्यावर ग्रेव्ही घातली तर ती बाजूला वाहून न जाता आत गेली. पबमधल्या टोपीवर ग्रेव्ही टिकतच नाही, ती पोकळ असते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

एक प्रश्न. आजी-आजोबांना कडक कडा चावतात का? माझे वडील इथे आमच्याकडे आहेत, कवळी आहे.

साय_साखर

रानवारा, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. आमच्याकडे प्रत्येकाचं खाणं किती मऊ असावं हे ठरलेलं असतं. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना कडा देतच नाही. सॉसेजची साल विशेष धोक्याची, ती घशात अडकते. त्यांच्यासाठी मी सालीला सुरीने उभी चीर देऊन आतलं मांस काढून घेते, त्याचे छोटे तुकडे करून वेगळ्या टिनमध्ये पीठ ओतते आणि मधला मऊ भागच वाढते, ग्रेव्हीत चांगला भिजवून. तुझ्या वडिलांना गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचार. नुसती कवळी असेल तर मधला तुकडा आणि सोललेलं सॉसेज पुरेल.

आणि सॉसेज आतपर्यंत शिजलंय ना हे बघ. आम्ही थर्मामीटर टोचून ७५ अंश आल्याशिवाय वाढत नाही. घरी थर्मामीटर नसेल तर मधोमध कापून बघायचं, गुलाबी राहता कामा नये.

म्हापशाची_लेक

केलं!! चोरीस आधी पाण्यात कांद्याबरोबर वीस मिनिटं शिजवले, आपण पावाबरोबर खायला करतो तसे. पाणी आटलं आणि लाल तूप सुटलं. तेच लाल तूप टिनमध्ये घालून तापवलं, तेल घातलंच नाही. मीठ नाही. चोरीस सहा मणी, तेवढे पुरे, तिखट आहेत. पिठाच्या कडा केशरी झाल्या. मधला मऊ थर आंबट-तिखट, पीठ गोडसर लागतं त्याच्यासोबत. ग्रेव्ही केली नाही, तिची गरजच वाटली नाही. आई म्हणाली, पाव संपलेला असेल तेव्हा हे करायला हरकत नाही. आईकडून ही मोठी पावती आहे.

एकच, साल थोडी चिवट राहिली. पुढच्या वेळी सोलून घालीन.

नारळीपौर्णिमा

परत केलं, २८४ मिली घेऊन, खालच्या कप्प्यात. जमलं. मुलीने कडेचे सगळे तुकडे तोडून खाल्ले आणि मधला भाग माझ्यासाठी ठेवला.

काका, पीठ रात्री भिजवून सकाळी केलं तर चालेल का? सकाळी घाई असते.

भट्टीवाला

चालेल, उलट चांगलं. मैदा पाणी नीट पितो आणि ताण सैल होतो. फक्त झाकून फ्रिजमध्ये ठेव. सकाळी वर पाणी साचलेलं दिसेल, ढवळून घे, घट्ट वाटलं तर दोन चमचे पाणी घाल.

साय_साखर

काल गुरुवार होता. नव्या प्रमाणाने मोठी सहा टिनं केली. हेड कुकला आधी पटत नव्हतं, इतकं बसकं कसं वाढायचं म्हणून. मी म्हटलं, एकदा वाढून बघूया.

ज्या आजोबांनी मऊ भागाचं विचारलं होतं त्यांचं ताट मी स्वतः नेलं. टिनच्या अगदी मधला चौकोन, दोन सॉसेजेस, ग्रेव्ही बाजूच्या छोट्या जगमध्ये, कारण त्यांना स्वतः ओतायला आवडतं. त्यांनी काट्याने आधी सॉसेज उचलून बाजूला ठेवलं. खाली तो फिकट पिवळा, ओलसर खड्डा होता, सॉसेजच्या आकाराचा. त्यात त्यांनी ग्रेव्ही ओतली, काठोकाठ, आणि ती जिरेपर्यंत थांबले. मग खाल्लं. सॉसेज शेवटी.

मला वाटलं काही म्हणतील. काही म्हणाले नाहीत. ताट मात्र ब्रेडच्या तुकड्याने पुसून दिलं.

हेड कुकने पुढच्या आठवड्याच्या यादीत अंडी कमी केलीत आणि ड्रिपिंगची ऑर्डर टाकलीय. म्हापशाची_लेक, चोरीस शिजवायला पाणी साधारण किती घेतलंस? आमच्या इथे एका पोर्तुगीज दुकानात 'शोरिसो' मिळतं, ते घेऊन रविवारी घरी करणार आहे. तुझ्यासारखं आंबट नसेल बहुतेक, तर थोडं व्हिनेगर घालू का?

म्हापशाची_लेक

बुडतील इतकं. पोर्तुगीज शोरिसोला धुराचा वास असतो, तिखट कमी. व्हिनेगर चमचाभर, कांदा शिजतानाच घाल, नंतर नको. आणि मीठ चाखल्याशिवाय पिठाला हात लावू नकोस.